परमनंट झाली का?

कुंभवलीत नव्या माणसाची चौकशी तीन प्रश्नांत आटोपते. कुठल्या कंपनीत? परमनंट की ठेकेदाराकडे? आणि शिफ्ट कुठली? नाव-गाव, घरदार, मुलंबाळं हे सगळं त्यानंतर, सवडीने. तारापूर एमआयडीसीला खेटून राहणाऱ्या आम्हा लोकांना या तीन उत्तरांवरून बरंच काही कळतं. बँक त्याला कर्ज देईल का, त्याच्या मुलाला मुलगी कोण देईल आणि रविवारी दुपारी त्याच्या दाराची कडी वाजवावी की बिचारा नाईट करून झोपलेला असेल, असं सगळं.

मी स्वतः या परीक्षेत कायम पहिल्या वर्गात पास. एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये चिकटलो, सहा महिन्यांनी कन्फर्मेशनचं पत्र हातात पडलं, आईने ते देवापुढे ठेवून त्याला हळदीकुंकू वाहिलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत टायट्रेशन, एचपीएलसी आणि बॅच रिपोर्टवर सही, एवढंच माझं विज्ञान. पण ते दर महिन्याला पगार आणत होतं. त्यामुळे मुलगी विज्ञानाकडे वळली तेव्हा घरात कुणालाच काळजी वाटली नाही. पालघरला बीएस्सी झाली, कलिन्याला लाइफ सायन्सेसमध्ये एमएस्सी झाली, नेट सुटली, जेआरएफची फेलोशिप मिळाली आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या जंतूवर तिने पीएचडी सुरू केली.

विषय ऐकून मी खूश झालो होतो. कंपनीत प्रॉडक्ट बंद पडतं आणि प्लँटची माणसं एका नोटिशीत घरी बसतात, हे मी पाहिलेलं. क्षयाचं तसं नाही. रॉबर्ट कॉखने 1882 साली हा जंतू जगाला दाखवला, त्याच्या कितीतरी आधीपासून तो ड्युटीवर आहे आणि अजून एकदाही संपावर गेलेला नाही. या धंद्यात मंदी येणार नाही, असा माझा हिशोब होता. हिशोब अर्धा बरोबर निघाला. जंतू परमनंट आहे. त्याच्यावर काम करणारी माणसं तेवढी तात्पुरती.

ही गोष्ट आमच्या काकूंना समजावताना पहिल्यांदा ध्यानात आली. काकूंनी शिरस्त्याप्रमाणे पहिला प्रश्न टाकला, "कंपनी कुठली गं?"

"कंपनी नाही आजी, संस्था. सरकारी."

सरकारी म्हटल्यावर काकूंनी मांडी बदलली. आमच्याकडे सरकारी म्हणजे एकतर रेल्वे नाहीतर अणुशक्ती. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं, तेव्हापासून या पंचक्रोशीत मुलींच्या बापांनी तिथली वसाहत किती वेळा पालथी घातली असेल याची मोजदाद नाही.

"मग परमनंट असशील."

"नाही, प्रोजेक्टवर आहे."

"म्हणजे ठेकेदार कोण तुझा?"

मुलगी जरा विचारात पडली. म्हणाली, "ठेकेदार नसतो आजी. पी.आय. असतात. प्रोजेक्ट त्यांच्या नावावर असतं."

"तेच ते. शिफ्ट?"

"ते जंतू ठरवतो."

यात अतिशयोक्ती नव्हती. ई. कोलाय नावाचा साधा जंतू 20 मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्याच कामाला 20 तास लागतात, आणि प्लेटवर त्याची वसाहत डोळ्यांना दिसायला तीन-चार आठवडे. त्याच्या वाढीचं वेळापत्रक मुंबईच्या लोकलशी जुळत नाही. रात्री दोनला रीडिंग आलं तर रात्री दोनला लॅबमध्ये हजर. गणपतीत दीड दिवसाचं विसर्जन आटोपून ओल्या केसांनी ती विरार गाडी पकडायला पळालेली आम्ही पाहिली आहे. काकूंनी शेवटचा, आशेचा प्रश्न विचारला, "ओव्हरटाइम तरी देतात ना?" मुलगी नाही म्हणाली. काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

खरी झाडाझडती केली ती आमच्या शेजारच्या शेठनी. शेठ म्हणजे लेबर कॉन्ट्रॅक्टर. बॉयलर साफ करणं, ड्रम भरणं, पॅकिंग, गेटवरची सिक्युरिटी, जे म्हणाल त्याला माणसं पुरवतात. सकाळी नवापूर नाक्यावरून टेम्पो भरून निघतो, तो त्यांचा. एका संध्याकाळी चहाला आले असताना त्यांनी मुलीला सांगितलं, "ताई, तुझं ते लेटर दाखव बरं. इतकी शिकलेली पोरगी आणि सगळे म्हणतात ठेक्यावर आहे. बघू तरी काय लिहिलंय."

तिने नेमणुकीचं पत्र आणून दिलं. शेठनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. नेमणूक पूर्णपणे तात्पुरत्या स्वरूपाची असेल. मुदत अकरा महिने. कोणतंही कारण न देता, पूर्वसूचनेशिवाय संपुष्टात आणता येईल. उमेदवाराला संस्थेत कायम सेवेचा कोणताही हक्क सांगता येणार नाही, आज नाही आणि भविष्यातही नाही.

शेठनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव दिसू लागला. "काका, हे ड्राफ्टिंग कुणी केलं हो? आमचा वकील दर वेळी पाच हजार घेतो आणि त्याला असलं एक वाक्य सुचत नाही."

"अकरा महिन्यांनी काय होतं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"एक दिवसाचा ब्रेक. मग प्रोजेक्टला पैसे असतील तर पुन्हा अकरा महिने."

"बरोबर. आम्ही पण देतो ब्रेक. दोनशे चाळीस दिवस भरू द्यायचे नाहीत, नाहीतर पोरगा कोर्टात जातो. पीएफ कापतात ना?"

"नाही. फेलोशिपला पगार मानत नाहीत."

"ईएसआय?"

"नाही."

"पण पैसे सात तारखेला मिळतात?"

मुलीने अगदी निरागसपणे विचारलं, "कुठल्या महिन्याच्या सात तारखेला?"

शेठ चहाचा कप खाली ठेवून उभेच राहिले. म्हणाले, "काका, मी असा धंदा केला तर लेबर ऑफिसर दुसऱ्या दिवशी माझं लायसन काढून घेईल. आणि माझ्याकडची पोरं दहावी नापास आहेत!"

त्यांचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, असं वेतनाच्या कायद्याने ठरवून दिलेलं. कंत्राटी कामगारांचा 1970 सालचा कायदा तर त्याच्या नावातच निर्मूलनाची भाषा करत होता. बारमाही चालणारं काम असेल तर तिथे ठेक्याची माणसं का, असं सरकारला विचारता येत होतं. क्षयावरचं संशोधन बारमाही नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? पण संशोधक हा कामगार नाही. तो विद्यार्थीही नाही, निदान त्याला रेल्वेचा विद्यार्थी पास काढताना तरी तसं वाटत नाही. तो या दोहोंच्या मधल्या फटीत राहतो आणि त्या फटीला कुठलाच कायदा लागू होत नाही.

पैशाचं रडगाणं मी गाणार नाही. जेआरएफची रक्कम 2019 साली 31,000 झाली, 1 जानेवारी 2023 पासून 37,000 झाली, वर घरभाडं. कुंभवलीत खाऊन-पिऊन राहायला हे पैसे वाईट नाहीत. फक्त ते यावेत. ते येत नाहीत तेव्हा तिकडून कळतं की फाइल दिल्लीला आहे. दिल्लीला चौकशी केली की फाइल संस्थेकडे परत गेलेली असते. ही फाइल मध्ये कुठेतरी रतलामच्या आसपास राहत असावी असा माझा अंदाज आहे.

पीएचडी संपली आणि घरात जाहिराती वाचण्याचं पर्व सुरू झालं. मी निवृत्त, रिकामा, आणि बारीक अक्षरं वाचण्याची आयुष्यभराची सवय. हे खातं माझ्याकडे आलं. सहायक प्राध्यापकाची जाहिरात वाचणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. वरच्या ओळीत वेतन असतं: स्तर 10, मूळ वेतन 57,700 रुपये. ते वाचून बायको साखरेचा डबा काढायला उठते. तिला मी हाताने बसायची खूण करतो, कारण दुसऱ्या ओळीत पदसंख्या असते: एक. तिसऱ्या ओळीत ते एक पद कुठल्या प्रवर्गासाठी आहे ते असतं. आपण त्यात बसत असलो तर चौथ्या ओळीत विषय असतो. सूक्ष्मजीवशास्त्र लिहिलेलं असतं, पण कंसात अशी काही उपशाखा असते की ती येणारे महाराष्ट्रात एकदोनच असावेत आणि त्यातला एक त्या विभागातच बसलेला असावा. हे सगळं पार करून शेवटी यावं, तर तळाला लहान टाइपात एक वाक्य: ही जाहिरात कोणतंही कारण न देता अंशतः वा पूर्णतः रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे. अर्जाची फी परत मिळणार नाही, हे मात्र ठळक टाइपात.

मग वय. जैववैद्यकातल्या संशोधकाच्या वयाचं गणित मी शेठच्या पोराच्या पाटीवर करून पाहिलं. बारावी अठराव्या वर्षी, बीएस्सी एकवीस, एमएस्सी तेवीस. नेटमध्ये एक वर्ष. जंतूच्या कृपेने पीएचडीला सहा वर्षं, म्हणजे तीस. जाहिरातीत पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागितलेला, म्हणजे तेहतीस. वयोमर्यादा बहुतेक मोठ्या संस्थांत पस्तीस. मध्ये उरली दोन वर्षं. या दोन वर्षांत बिंदुनामावली तपासायला गेलेली असते, आकृतिबंध मंजुरीला गेलेला असतो, किंवा निवडणुकीची आचारसंहिता असते. इन्स्पायर फॅकल्टी नावाची केंद्राची चांगली योजना आहे, पाच वर्षं मानाने काम करता येतं, पण तिची दारं सर्वसाधारणपणे बत्तिसाव्या वर्षीच मिटतात. क्षयाच्या जंतूला कुणीतरी हे गणित समजावून सांगायला हवं. तो वीस तासांचे अठरा केले तरी पुष्कळ पोरांची सोय होईल.

नियम बदलण्याची तऱ्हा तर विचारू नका. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागणारच, असं यूजीसी कित्येक वर्षं बजावत होती. आमची पीएचडी पूर्ण झाली. जुलै 2023 मध्ये यूजीसीने जाहीर केलं की पीएचडी ऐच्छिक, नेट किंवा सेट पुरे. मला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. फक्त सहा वर्षांच्या लोकल पासचे पैसे आठवले. वैद्यकीय महाविद्यालयांचं आणखी निराळं. तिथे एमएस्सी-पीएचडी झालेल्यांना शरीरशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र वगैरे विभागांत शिकवायला ठरावीक टक्के जागा पूर्वीपासून होत्या. जीवरसायनात तर निम्म्या. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्या पंधरा टक्क्यांवर आणल्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राचं दार बंदच केलं. 2025 मध्ये ते पुन्हा किलकिलं केलं. आमची पोरगी या दाराच्या उघडझापीत नेमकी कुठल्या वेळी आत-बाहेर होती, ते मी तारखांसह लिहून ठेवलं आहे. कुणाला वाचायचं असेल तर घरी या.

दरम्यान एक वर्ष तिने जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. तासिका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. शिकवाल तेवढ्या तासिकांचे पैसे. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी, परीक्षेचे दिवस, गॅदरिंग, सगळं विनावेतन. शेठनी याचंही विश्लेषण केलं. म्हणाले, "नाक्यावरचा मजूर निदान पूर्ण दिवसाच्या हजेरीवर जातो. हे तर मिनिटावर आलं." शेठना हल्ली उच्च शिक्षणाच्या प्रश्नांत फार गोडी वाटू लागली आहे. आपल्या क्षेत्रात कुणीतरी आपल्या पुढे गेलेलं पाहून माणसाला जी गोडी वाटते, ती.

मधल्या काळात तिच्या लग्नाचंही चाललं होतं. माझ्या मेव्हण्याने फोनवर बायोडेटा मागितला. बायकोने घाईत तिच्या फाइलींतून बायोडेटा नावाची फाइल पाठवून दिली. ती चौदा पानांची निघाली. स्थळाकडच्या मंडळींनी ती मनापासून वाचली, हे मान्य केलं पाहिजे. दोन दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलगी आवडण्यासारखी आहे, शिक्षण उत्तम, पण काही शंका होत्या. 'फर्स्ट ऑथर दोन, को-ऑथर चार' यात सहा जणांचा काय संबंध, हे त्यांना विचारायचं होतं. संदर्भासाठी दिलेल्या तिघा सरांना फोन करून चौकशी केली तर चालेल का, असंही विचारलं. आणि सगळ्यात शेवटी, जरा संकोचून: "एच-इंडेक्स सात लिहिलंय, ही हाइट आहे का?" मी सांगितलं की नाही, हाइट पाच-दोन आहे. ते म्हणाले, "मग ठीक आहे. आमचा पाच-सहा आहे." लग्न तिथेच झालं. जावई रेल्वेत आहे. परमनंट.

मुलाखतींच्या फेऱ्यांतली एक मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. मुंबईतली एक संस्था, नाव नको. वॉक-इन इंटरव्ह्यू, सकाळी साडेनऊला नोंदणी, साडेदहानंतर येणाऱ्याचा विचार केला जाणार नाही. पहाटेची लोकल पकडली. डहाणूहून विरारपलीकडे जाणारी लोकल आम्हाला 2013 साली मिळाली, त्याआधी शटलवर दिवस काढावे लागत, हे मी मुलीला दर प्रवासात सांगतो आणि ती दर प्रवासात कानात बोंडं घालते. मी सोबतीला म्हणून गेलो होतो. माझ्या पिशवीत डबा, तिच्या पिशवीत मूळ प्रमाणपत्रं, साक्षांकित प्रती, स्वसाक्षांकित प्रती, आणि या दोन्ही नको म्हणाले तर असाव्यात म्हणून साध्या प्रती.

व्हरांड्यात पन्नास-साठ पोरं-पोरी. कुणी नांदेडहून रात्रभर बसून आलेला, कुणी कोल्हापूरहून. एक मुलगी तान्ह्या बाळाला आणि सासूला घेऊन आलेली. सगळ्यांच्या मांडीवर त्याच निळ्या प्लास्टिकच्या फायली. जागा एक. आणि त्या गर्दीत एक मुलगा पांढरा अ‍ॅप्रन घालून फिरत होता. पाण्याचा कूलर कुठे आहे, प्रसाधनगृहाची किल्ली कुणाकडे असते, झेरॉक्सवाला किती वाजता उघडतो, हे तो सगळ्यांना प्रेमाने सांगत होता. शिपायाला नावाने हाक मारत होता. नऊ पंचेचाळीसला व्हरांड्यात एकही उमेदवार असा नव्हता ज्याला निकाल कळला नव्हता.

मला त्या मुलाचा फार राग आला. राग गिळायला मी कूलरपाशी गेलो, तर तोच तिथे. म्हणालो, "काय साहेब, तुमचं तर ठरलेलंच आहे." तो कसंनुसं हसला. "काका, मी इथे सहा वर्षं आहे. प्रोजेक्ट संपलं की नवीन प्रोजेक्ट येतं, मग नवीन जाहिरात काढावी लागते, मग मला माझ्याच खुर्चीसाठी अर्ज करावा लागतो. फी भरून. मागच्या वेळी तर माझ्याच मुलाखतीच्या खुर्च्या मीच लावल्या." एवढं बोलून तो थांबला आणि म्हणाला, "या वेळी कमिटीत बाहेरचे एक्स्पर्ट आहेत. झोप लागली नाही रात्रभर." मी त्याला डब्यातली एक पोळी दिली. दुसरं काय देणार?

मुलीला आत बोलावलं तेव्हा तीन वाजले होते. आत सात मिनिटं झाली. बाहेर येऊन तिने जे सांगितलं त्यावरून पहिला प्रश्न होता, कुंभवली म्हणजे चिपळूणकडचं का? ते कुंभार्ली, घाट आहे, असं तिने नम्रपणे सांगितलं. मग आमच्या जवळच्या बोईसर स्टेशनहून रोज येणं जमेल का. मग लग्न झालंय का आणि मिस्टर कुठे असतात. चौथे सदस्य फोनवर होते. पाचव्यांनी मात्र जंतूच्या औषधरोधाबद्दल एक खरोखरीचा, खोलातला प्रश्न विचारला. ती उत्साहाने बोलू लागली. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली, निकाल संस्थळावर लागेल. संस्थळावर आजही त्या जाहिरातीच्या शेजारी 'नवीन' असा लाल शब्द लुकलुकतो आहे.

मी त्या दिवसांत तिला धीर द्यायला थोरामोठ्यांच्या गोष्टी शोधत असे. पहिला सापडला तो आपल्या परळचाच, वाल्डेमार हाफकिन. ओडेसाचा ज्यू पोरगा. ज्यू म्हणून तिथल्या विद्यापीठात नोकरीचा मार्ग बंद. जिनिव्हात थोडे दिवस शिकवलं. मग 1889 साली पॅरिसला, पाश्चरच्या संस्थेत. तिथे जागा होती का? होती, एकच, ग्रंथालयात. जगातल्या पहिल्या कॉलरा-लसींपैकी एक तयार करणारा माणूस पुस्तकं लावायच्या पोस्टवर रुजू झाला. पुढे 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली, तीन महिन्यांत लस तयार. 10 जानेवारी 1897 रोजी ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. यापेक्षा जास्त कामाचा पुरावा कुठल्या समितीला हवा? तरी 1902 साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लसीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन 19 माणसं दगावली आणि साहेबाने हाफकिनला निलंबित केलं. क्यूसीवाला म्हणून मी ही केस पुन्हा पुन्हा वाचली आहे. बाटली गावात उघडल्यावर दूषित झाली होती, मुंबईच्या प्रयोगशाळेत नव्हे. हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. तो परत आला तो कलकत्त्याला, आणि 1915 च्या सुमारास निवृत्त झाला. परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं 1925 साली. जॉइनिंग 1896, कन्फर्मेशन 1925, असा मी त्याचा अर्थ लावला.

दुसरे हरगोबिंद खोराना. लिव्हरपूलची पीएचडी घेऊन 1949 साली भारतात परतले, नोकरी मिळाली नाही, पुन्हा परदेशी गेले, 1968 चं नोबेल. तिसरी कातालिन कारिको. एमआरएनएवर काम करत होती, 1995 साली पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठाने तिची पायरी खाली केली, 2023 चं नोबेल.

बायको भाजी निवडता निवडता हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "नोबेलचं राहू द्या. मधल्या त्या वर्षांत त्यांच्या आईला गावातल्या बायका काय विचारायच्या, ते कुठे लिहिलंय का?" तिला पटली ती फक्त कमला सोहोनींची गोष्ट. बंगळूरच्या संस्थेत 1933 साली रामन यांनी त्यांना बाई म्हणून आधी नाकारलं आणि त्या हटून बसल्यावर वर्षभराच्या अटीवर घेतलं. पुढे केंब्रिजची पीएचडी, आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापक. "ही बाई दारात बसून राहिली," बायको म्हणाली, "हे बरं केलं."

अमेरिकेचा सल्ला देणारेही होते. माझा एक भाचा बोस्टनकडे पोस्टडॉक आहे, तोही वर्षावर्षाच्या पत्रावर. 2025 साली तिकडे एनआयएच या सरकारी संस्थेच्या ग्रँटा रद्द होऊ लागल्या आणि हार्वर्डने नवी भरतीच गोठवली. तेव्हा त्याने मला रात्री फोन करून विचारलं, "मामा, तुमच्या एमआयडीसीत काही आहे का?" आहे, असं मी म्हणालो. क्यूसीत माणसं कायम लागतात. पहिले सहा महिने ठेकेदाराकडून.

पी.आय. लोकांना मी दोष देत नाही. त्यांनाही पैसा तीन वर्षांसाठी मिळतो, त्यात ते कायमची नोकरी कुठून देणार? प्रोजेक्टवर चार वर्षं घासून माणूस तयार होतो, हेही मला मान्य. मीही शिकाऊच होतो. पण शिकाऊपणाला शेवट होता आणि शेवटी एक कागद होता. इथे देशातल्या क्षयावर, मलेरियावर, कर्करोगावर रात्री दोन वाजता काम करणारा हात जवळजवळ सगळा ठेक्याचा आहे, आणि ठेकेदाराला निदान लायसन तरी लागतं. माझ्या मते हा सरळसरळ गैरकारभार आहे. शेठच्या मते हा बिझनेसचा कमाल नमुना आहे. आमचे यावर वाद होतात.

तेव्हा निवड समितीवर बसणारं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. जागा भरायचीच नसेल तर जाहिरात काढू नका. माणूस ठरलेला असेल तर जाहिरातीतच तसं छापा. आम्ही गाडीभाडं वाचवू आणि त्या अ‍ॅप्रनवाल्या पोराचं मनापासून अभिनंदन करू. मुलाखत घेतली असेल तर निकाल कळवा. नकार असला तरी चालेल. आयुष्यभर मी नापास मालावर 'रिजेक्टेड'ची लाल लेबलं चिकटवली, पण ती प्रत्येक ड्रमवर चिकटवली, एकही ड्रम गोदामात तसाच ठेवला नाही. सर्व्हर डाउन असेल, ईमेल जात नसेल, तर अडचण नाही. तिचा पत्ता अर्जावर तीन ठिकाणी आहे, पिनकोडसह, आणि पोस्टकार्ड अजून 50 पैशांना मिळतं.